ठाकऱ्याची घागर

६ एप्रिल
जळगावात रुजू झाले! ऊन भाजून काढतंय, पण पहिल्याच दिवशी शेवभाजी मिळाली, सगळं माफ. विस्मरणावरच्या नव्या औषधाची चाचणी चालते त्या केंद्रात मी समुपदेशक. रुग्णांना धीर द्यायचा, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारायचे. आठवण किती टिकते ते कळतं. डॉक्टर जिनेश हसतमुख आहेत. रुग्ण मधेच सोडून जाता कामा नये, एवढंच त्यांचं म्हणणं.

१५ एप्रिल
रावेरकडची एक रुग्ण, नानीबाई, हटून बसलीय. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी जायचंय, नवऱ्याची घागर भरायला. तो, ठाकऱ्या, गेल्या पावसाळ्यात याच चाचणीत गेला. तपासणीआधी पाणी बंद होतं; पाणी मागत मागतच गेला म्हणे. वर्षभरात गेलेल्याचं नाव घेऊन आखाजीला घागर भरली नाही, तर तो तहानलेला राहतो. सर म्हणाले, डोस चुकेल, समजवा. समजावलं. वाटेल तेव्हा चाचणी सोडायचा तिला हक्क आहे, हे मात्र बोलले नाही. गोड बोलण्यात मला कोण हरवणार!

१९ एप्रिल, आखाजी
घागर राहिली. नानीबाई रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘आते तो तुन्हाकडे पानी मांगी.’ तो माझ्याकडे पाणी मागणार म्हणे! मला हसू आलं. मग भीती वाटली.

२१ एप्रिल
रतिलालकाकांनी पाचही शब्द सांगितले आणि सहावा जोडला: पाणी. दुसऱ्या खोलीत कमलबाईंनीही तोच. आवाज मात्र एकच. घोगरा, पुरुषाचा. कमलबाईंचासुद्धा.

२३ एप्रिल
जिनेश सर भरदुपारी केबिनमध्ये सापडले. ओठ फाटलेले, भोवती रिकाम्या बाटल्या. स्वतःचं नाव आठवेना. पाणी मागत होते. नानीबाई दारातून बघत होती, पोटभर जेवल्यासारखी. तिला अडवायला सरांनीच सांगितलं होतं; त्यांनी भोगलं ते बरंच झालं. पण मी—

२४ एप्रिल
माठ संपवला. तहान तशीच. पाच शब्द स्वतःलाच दिले. दोन आले. तिसरा पाणी—

२५ एप्रिल
नानीबाईचे पाय धरले. म्हटलं, घरी जा, भर घागर. नाही म्हणाली. ज्यानं अडवलं त्यानंच भरायची, गेलेल्याचं नाव घेऊन.

घागर आणली. भरली. आता नाव—

मागच्या पानावर असेल. अक्षरं दिसतात, लागत नाहीत. लिहिता येतं, वाचता—

नानीबाईला ठाऊक आहे. हात जोडले. सांगत नाही. नुसती बघते.

मागे कुणीतरी उभं आहे. कोरडा श्वास. मानेवर—

अगं बाई, सांग ना, त्याचं नाव