ओहोटीत पिंप नाही

४ सप्टेंबर, गुरुवार

काय रे कागदा, काल काय सांगितलं होतं? नाही ना आठवत! तुझं असंच. पान उलटलं की साफ कोरा. मी एकाहत्तर वर्षांची, एक अक्षर येत नाही, तरी मला सगळं आठवतं. तुझ्या पोटात सगळं लिहिलेलं, आणि तू बघतोस असा, जशी ओळखच नाही.

बरं, पुन्हा सांगते. मी रत्नाबाई, राहणार सालवड, तारापूरजवळ. लिहिणारी अपेक्षा, माझी नात. मी बोलते, ती लिहिते. मी ‘न्हाई’ म्हणते, ती ‘नाही’ लिहिते — तेवढी तिला सूट. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं. वाचता येत नाही, पण दिसतं ना!

तिचा भाऊ धीरज. घर सोडून अडीच वर्षं झाली. कंपनीत परमनंट व्हायला महिना राहिला होता, आणि हा म्हणाला, मी ‘खाजण’मध्ये ड्रम वाजवणार. खाजण म्हणजे खाडीकाठची दलदल — त्यात कोण वाजवतं? तर म्हणे रॉक बँडचं नाव आहे. कैलास, माझा लेक, याचा बाप, म्हणाला, “पिंप निवड, नाहीतर घर.” ड्रमला तो पिंपच म्हणतो. कारण पोरगा शिकला तो आमच्या पाण्याच्या निळ्या पिंपावर. पोराने पिंप निवडलं आणि शिरगावला गेला.

शिरगाव इथून तासाभरावर! पण त्याची बातमी आम्हाला पुण्याहून छापून येते, ‘ठेका’ नावाच्या मासिकात. अपेक्षाने फोन केला की दोनच वाक्यं. “बरा आहे.” आणि “पप्पांनी बोलावलं तर येईन.” पप्पा म्हणतात, “मी कशाला बोलावू? मी काय उचलून बाहेर ठेवला होता?” सूनबाई दोघांच्या मध्ये बोलत नाही. तिची भांडी बोलतात.

मी उठून आणू शकते त्याला. पण नाही. ज्याने घालवला त्यानेच आणायचा. तोवर या घरात मासवडी होणार नाही, असं मी ठरवलंय. मासवडी, ती बेसनाची, धीरजच्या जिवाची. कैलासच्याही. म्हणून तर!

५ सप्टेंबर

‘ठेका’ आला. अपेक्षा किंचाळली. दूध उतू गेलं.

बँडचा गाणारा आहे अंकुश, त्याची मुलाखत. दोन अल्बम येणार म्हणे. दिवाळीत ‘भरती’, संक्रांतीला ‘ओहोटी’. ‘भरती’त एवढा आवाज की शेजारी पोलीस बोलावतील. आणि ‘ओहोटी’त — अपेक्षाने हे तीनदा वाचलं — ड्रम नाहीच! कारण विचारलं तर अंकुश म्हणतो, “ते धीरजला विचारा.” आणि धीरजला कुणी विचारलंच नाही. एवढे शिकलेले लोक!

फोटो होता. धीरज कडेला उभा. केस वाढलेले. शर्टाचं दुसरं बटण तुटलंय. हे मुलाखतीत नव्हतं, ते मी वाचलं.

७ सप्टेंबर, रविवार

बँडच्या चाहत्यांचा फोनवर ग्रुप आहे, ‘खाजणवेडे’. दोन दिवस तिथे मयत झाल्यासारखं चाललंय. अपेक्षा वाचून दाखवते, मी शेंगा सोलते.

“धीरजला काढला!”

“ओहोटी म्हणजे बँडचा शेवट. स्पष्ट आहे.”

“भाई, बिना ड्रम का खाजण? फिर तो बस कीचड़ बचा!” — हा बोईसरच्या कुठल्यातरी कंपनीतला.

एकाने लिहिलं, तीन रात्री झोप नाही. मुलाखत येऊन दोनच झाल्यात.

एवढ्यात नर्मदा आली, चिंचणीची मासेवाली, पाटी घेऊन. मासे मी खात नाही, पण तिला चहा माझ्याकडेच लागतो. तिला सांगितलं, ओहोटी म्हणजे शेवट म्हणतात. ती हसली. “कुणी सांगतला? आमी ओहोटीलाच शिंपल्या वेचाला जातो, बाय. भरतीला काय गावते? चपला वाहून जातात!”

मी मात्र अपेक्षाच्या हातावर साखर ठेवली. काढला असेल तर बरंच झालं! पिंप सुटलं की पोरगं घरी येईल. तिने साखर खाल्ली आणि पेन आपटलं. “आजी, तू फॅन नाहीस!”

मी म्हटलं, बाई गं, तो रांगत होता तेव्हापासून मी ऐकतेय. भाकऱ्या झाल्या रे झाल्या की माझी पितळेची परात उलटी घालून बडवायचा. तळाला पोचा पाडलाय, अजून डुगडुगते. परातीवर यांचं, तुझ्या आजोबांचं, नाव कोरलेलं आहे. नाव तू लिही, मी घेत नाही. (झुंबर.) हां. तर तुमच्या ग्रुपात माझ्याआधीचा फॅन कोण आहे, दाखव!

१२ सप्टेंबर

ग्रुपात एक आहे. नाव ‘तारापूरचा तुफान’. फोटोच्या जागी वाघ. धीरजबद्दल कुणी वावगं बोललं की हा धावून येतो. अपेक्षाचं आणि त्याचं वर्षभर भांडण आहे. ती अंकुशच्या बाजूची, तो धीरजच्या. सख्ख्या बहिणीला हा शिकवतो! तिने त्याला दोनदा ब्लॉक केलाय आणि दोनदा स्वतःच उघडलाय, कारण त्याच्याशिवाय मजा येत नाही.

आज त्याने लिहिलं, “ज्यांना ताल कळत नाही त्यांनी उगा वाळल्या विहिरीत पोहरा सोडू नये.”

मी म्हटलं, थांब. पुन्हा वाच.

पुन्हा वाचलं. हातातली शेंग हातात राहिली.

हे यांचं बोलणं! आमचे मालक असंच म्हणायचे, थेट असंच. आमच्या पारनेरकडे विहिरी वाळतात, तिथलं ते. इथे हातभर खणलं की पाणी, इथे कोण म्हणेल? मालक जाऊन नऊ वर्षं झाली. आता हे वाक्य तीनच तोंडांत आहे. माझ्या, धीरजच्या, आणि...

अपेक्षा म्हणाली, “शक्य नाही!” मग रंग उडाला तिचा. “आजी, मी त्याला काय काय बोललेय!”

बोललीस ते सगळं मला माहीत आहे. तूच वाचून दाखवलंस.

१३ सप्टेंबर, शनिवार

परीक्षा घेतली.

कैलासची सुट्टी. पेपर वाचत बसला होता. मी अपेक्षाला मोठ्याने म्हटलं, “त्या धीरजचा हात चुकतो म्हणे गं. मला तर आधीपासूनच वाटायचं.”

पेपर खाली आला. “कोण म्हणतं?”

“लोक.”

“लोकांना काय कळतंय!” — आणि पेपर वर. जरा वेळाने उठला, फोन घेऊन मोरीत गेला. आम्ही दोघी बाहेर दाराला कान लावून. पाण्याचा आवाज नाही, काही नाही. मग अपेक्षाच्या फोनात टिंग!

तुफान म्हणतो, “काही अडाणी लोक घरबसल्या ताल शिकवायला लागलेत. आधी ऐकायला शिका.”

अडाणी! मला! पोटचा पोरगा! खोटं नाही म्हणा, पण जगासमोर?

हसून हसून मला उचकी लागली. कैलास बाहेर आला, म्हणाला, “काय झालं?” मी म्हटलं, मालकांची आठवण आली. ते तरी खरंच होतं.

पण कागदा, बघ. अडीच वर्षं हा घरात पोराचं नाव घेत नाही. आणि बाहेर वाघाचं तोंड लावून त्याच्यासाठी भांडतोय. अपेक्षाला ताकीद दिलीय: बापाला कळता कामा नये की आपल्याला कळलंय.

१४ सप्टेंबर

आज बापाला चहा देताना अपेक्षा “घ्या, तुफान—” म्हणून अडकली, मग “तुफान पाऊस येणार” म्हणाली. ऊन कडक होतं.

१८ सप्टेंबर

ग्रुपचं रडणं थांबेना. ड्रम नाही, ड्रम नाही! मला वैताग आला. शिवाय मी विचार करत होते. काढला असता तर फोटोत उभा कशाला केला असता? पोराच्या मनात काहीतरी आहे.

अपेक्षाला म्हटलं, माझं एक वाक्य टाक. जसंच्या तसं. ‘नाही’ नको, माझं ‘न्हाई’च ठेव.

“मासवडीत मासा नसतो. म्हणून कुणी ताटावरून उठलेलं म्या पाह्यलं न्हाई.”

तासाभरात दोनशे लोकांनी बदाम पाठवले. कोकणातल्या एकाने विचारलं, मासा नाही तर नाव कशाला? त्यावर वेगळं भांडण सुरू झालं.

तुफानने फक्त एवढंच लिहिलं, “पहिल्यांदा या ग्रुपवर कुणीतरी अकलेचं बोललं.”

जेवताना कैलास म्हणाला, “आये, मासवडी करत नाहीस हल्ली.” मी म्हटलं, नाही करत. त्याने मान खाली घातली आणि डाळ ओरपली.

२ ऑक्टोबर, दसरा

मुंबईच्या साप्ताहिकात मुलाखत आलीय. या वेळी खुद्द धीरजची! कैलास स्टुलावर चढून दाराला तोरण बांधत होता. मी अपेक्षाला म्हटलं, मोठ्याने वाच, मला कमी ऐकू येतं. (आजीला सगळं ऐकू येतं.) ते काय लिहिलंस गं? बरं, असू दे.

विचारलं होतं, ‘ओहोटी’त ड्रम का नाही? तर म्हणतो, “त्यातल्या गाण्यांना माझं पहिलं वाद्य हवंय. ते विकत मिळत नाही. चौदा दुकानं फिरलो, तो आवाज नाही. जिथे आहे तिथे मागायची हिंमत नाही. ते मिळालं नाही तर ‘ओहोटी’ निघणारच नाही.”

मग विचारलं, चाहते चिडलेत, वाचता का? तर म्हणतो, “वाचतो. एकीने मासवडीचं लिहिलं. त्या दिवशी आम्ही तालीम बंद ठेवली. असं बोलणारी बाई मला एकच माहीत आहे.”

अपेक्षाचा आवाज फाटला. मी म्हटलं, वाच, थांबू नको.

“आणि ते तारापूरचे तुफान, माझ्यासाठी भांडतात ते. त्यांना मी पहिल्या दिवसापासून ओळखतो. विहिरीचं बोलणं आमच्या आजोबांचं आहे. त्यांनी एकदा स्वतःच्या नावाने लिहावं. एक ओळ पुरे.”

तोरण केव्हाच बांधून झालं होतं. कैलास तसाच स्टुलावर. दाराकडे तोंड, हातात उरलेली झेंडूची फुलं. शेवटी सूनबाई म्हणाली, “उतरा आता, सोनं वाटायचंय.”

उतरला. आमच्याकडे न बघता सरळ बाहेर गेला.

५ ऑक्टोबर

ग्रुपात आता नवं खूळ. धीरजचं पहिलं वाद्य कोणतं? एक म्हणतो तिबेटातली घंटा. एक म्हणतो जर्मनीचा काहीतरी डबा. बोईसरवाला म्हणतो, “भाई, चंदा जमा करते हैं!”

तुफान दसऱ्यापासून गप्प. लोक विचारतात, तुफान आजारी आहे का? चाळीस जणांनी “लवकर बरे व्हा” लिहिलंय.

अपेक्षा म्हणाली, “आजी, तुला काय वाटतं, कुठलं वाद्य?”

मी भाकऱ्या आटपत होते. परात उपडी घातली आणि पिठाच्या हाताने एक थाप मारली.

तिचं तोंड उघडं ते उघडंच.

८ ऑक्टोबर

पहिल्या पाळीवरून कैलास आला. मी खाटेवर डोळे मिटून होते. त्याला वाटलं झोपलेय. स्वयंपाकघरात गेला. मग आवाज आला — ठण्. जरा थांबून, ठण् ठण्. मग बराच वेळ काही नाही.

ताल अगदीच चुकीचा. बापाला ताल नाही, मग पोराला कुठून आला? माझ्याकडून! दुसरं कोण आहे?

संध्याकाळी परात जागेवर होती. पण पुसलेली, चिंच लावून घासलेली. यांच्या नावात नऊ वर्षांचं पीठ अडकलं होतं, ते सगळं निघालंय. बोट फिरवलं तर अक्षरं लागतात.

मी हरभऱ्याची डाळ दळायला देऊन आले.

१२ ऑक्टोबर, रविवार

हात बदललाय, कागदा. घाबरू नकोस. मुंग्या गेल्या, बैल आले — कंपनीच्या लॉगबुकातलं अक्षर आहे. आज कैलास लिहितोय. आधी मागची सगळी पानं वाचली त्याने, मग पेन उघडलं. म्हणाला, “आये, ते अडाणी मी तुला नव्हतं म्हटलं.” मी म्हटलं, मलाच म्हटलं होतंस, लिही.

सकाळी त्याने ग्रुपवर वाघ काढून स्वतःचा फोटो लावलाय आणि एक ओळ टाकलीय: “परात घेऊन येतोय. कैलास, धीरजचा बाप.” खाली काय काय आलंय ते अपेक्षा ओरडून वाचतेय. मला ऐकायचं नाही. मला काम आहे.

लिही कैलास, म्हणजे विसरणार नाहीस. मासवड्या यांच्या नावाच्या परातीत मांडायच्या, वर ओलं फडकं. बाजरीच्या भाकऱ्या तुम्हा बापलेकांना आणि बँडला पुरतील एवढ्या, त्या अंकुशलाही भूक असेल. गोड काही नको, तू सोयरीक जुळवायला नाही चाललास. परात त्याच्याकडेच ठेवून यायची, मी कणीक ताटात मळीन. सुईदोरा घे, दुसऱ्या बटणाचा. आणि रस्सा वेगळा, किटलीत. सूनबाईला सांग, तिखट दुप्पट घाल. तुम्ही दोघं समोरासमोर बसाल, डोळ्यांना पाणी येईल. रश्शावर ढकलता आलं पाहिजे.