राघवेंद्रच्या नावावरचं काम

लातूर

प्रिय मनस्विनी,

‘प्रिय’ लिहिताना हात अडखळला, खोटं कशाला सांगू. तुला मी पाहिलेलं नाही. तू नांदेडला राहतेस आणि माझ्या राघवेंद्रसोबत ते आंधळ्यांना मराठी वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर करायचीस, एवढंच मला माहीत. त्यालाही तू कधी समोरासमोर भेटली नाहीस म्हणतेस. मग तो गेल्यावर त्याच्या फोटोसाठी एवढा आग्रह कशाला? मला पहिला शक तिथंच आला.

तू म्हणशील, मास्तर लई संशयी. हाव, आहे. लातुरात राहून बघ. राघव बारावीला बोर्डात आला, तेव्हा ज्या क्लासची पायरी तो चढला नव्हता त्यांनीच चौकात त्याचा फोटो लावला, ‘आमचा विद्यार्थी’ म्हणून. जाब विचारायला गेलो तर मलाच पेढा भरवला. पुढं राघवही क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागला. इथं पोरांच्या शंकांचीसुद्धा वेगळी बॅच निघते. अशा गावात दिवसभर घसा कोरडा करून आलेला माणूस घरी बसून जगासाठी फुकट राबतो, हे मला तो होता तेव्हाही पटत नव्हतं. विचारलं की हसायचा. म्हणायचा, अण्णा, तिथं कुणी कुणाचा मालक नाही. मालक नाही म्हणजे जबाबदारही कुणी नाही, असं माझं म्हणणं.

मग चाकूरजवळ तो अपघात झाला. त्याचे दिवस झाले. त्यानंतर माझी भाची राजश्री घरी आली आणि तिनं तुमचं पान कॉम्प्युटरवर उघडून दाखवलं. कोणतं काम कुणी केलं ते तिथं नावानिशी दिसतं म्हणे. तर ताज्या कामापुढं नाव माझ्या राघवेंद्रचं, आणि तारीख तो गेल्यानंतरची. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

भूकंपानंतर आमच्या गावात एकानं मेलेल्या भावाच्या नावानं अंगठा उठवून सरकारकडून दुसरं घर घेतलं होतं. त्या भावाला मी शाळेत शिकवलेलं. त्याला झोकात सही करता यायची. तेव्हापासून मेलेल्याच्या नावावर काही चालू दिसलं की माझं डोकं फिरतं. म्हणून तुला फोनवर विचारलं, माझ्या पोराच्या नावावर कोण जगून राहिलंय. तू रडलीस. मला ते रडणंही खोटंच वाटलं.

त्याचं अर्धवट राहिलेलं काम तुम्ही सगळे मिळून पुरं करता, पण ज्यानं सुरू केलं त्याचंच नाव पुढं ठेवता, गेलेल्या माणसाला मान द्यायची तुमच्यात हीच रीत, असं तू सांगितलंस. मी लगेच विश्वास ठेवला नाही. राजश्रीला बोलावून एकेक काम उघडायला लावलं. प्रत्येकाखाली बारीक अक्षरांत पुरं करणाऱ्यांची नावं होती. तुझं, बिलोलीच्या कुणा दयानंदचं, केरळातल्या एका बाईचं. लपवलेलं काही नव्हतं. तरी मी राजश्रीला विचारलंच, यात ह्या लोकांचा फायदा काय. तिला सापडला नाही. मलाही सापडलेला नाही, आणि मी अजून शोधून राहिलोय. तेव्हा ही माफी आहे असं समजू नको.

तू मागितलेला फोटो सोबत ठेवलाय. सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीच्या पानावर लावा, खाली नुसतं नाव असू द्या.

पण पत्र लिहिलं ते फोटोसाठी नाही. तुमची ही रीत कळल्यापासून तुझी काकू, राघवची आई, रोज सकाळी राजश्रीला फोन लावते, आज राघवच्या नावानं काही झालं का म्हणून. झालं असलं की त्या दिवशी तिला चार घास जातात. काल राजश्री मला बाजूला घेऊन म्हणाली, मामा, दादाचं राहिलेलं आता थोडंच उरलंय, ही माणसं झपाट्यानं उरकतायत. हे मी हिला सांगितलेलं नाही, सांगायची हिंमत नाही. आंधळ्या माणसांचं काम खोळंबेल, तेवढं मला कळतं. तरीही मागतो, बाळा. उरलेलं जरा सावकाश करा.

तुझाच,
राघवेंद्रचा अण्णा,
माधवराव