पंगतीतून उठलो तेव्हा

नागपूर,
सोमवार, १ सप्टेंबर २०२५

चिरंजीव नत्थू यास शालिकरामचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तिकडे यमुना, पोरं, गाय ठीक असतील. तुझी वहिनी गुडघ्यांना तेल चोळत बसली आहे. पोरगा हेमराज कोराडीला ड्युटीवर गेला. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहायला बसलो. सातवीनंतर एवढं कधी लिहिलं नाही, चुका समजून घे.

परवा आपला भाचा कवडू सांगून गेला की यंदा पितृपक्षात बाबाचं पान तू मौद्यालाच वाढणार, इकडे येणार नाहीस. एकतीस वर्षं आपण दोघं त्या दिवशी एका ओळीत जेवलो. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. चार वेळा उठलो, अंगणात जाऊन आलो.

आधी तब्येतीचं सांगतो. माझं काळीज नीट चालत नाही. चार ठोके बरोबर पडतात, पाचवा गायब, मग दोन एकावर एक. विणताना मागावर धोटा अडकून एकदम सुटावा तसं. जेवण झालं की जास्त. वाकून चप्पल घातली की जास्त. डाव्या कुशीवर झोपलो तर उशीत कोणी दार ठोकून राहिलं असं वाटतं. हे आत्ता लिहितानाही दोनदा नाडी पाहिली.

डॉक्टरणीने छातीला यंत्र लावून चोवीस तास फिरवलं. काय खाल्लं, कसा बसलो, वहीत लिहायला लावलं. मी विचारलं, "म्हणजे गॅसच आहे ना?" ती म्हणाली, "आजोबा, गॅस निमित्त आहे. पोट गच्च भरलं आणि तुम्ही पुढे वाकून बसलात, की पोट वर दाबतं. काळजाची लय आधीच बिघडलेली, तिला तेवढं पुरतं." थोडं थोडं खा, ताठ बसा, जेवल्यावर लगेच आडवं होऊ नका, आणि गोळी रोज घ्याच, म्हणाली. मला ते नुसतं गॅसच असायला हवं होतं.

आता प्रणालीच्या लग्नाचं.

तुझ्या नातीचं लग्न, आणि तू हट्टाने बुफे ठेवला नाहीस. खाली सतरंज्या, पत्रावळी, वडाभात, पाटोडीचा रस्सा. माझ्या शेजारी तुझे व्याही, प्रणालीच्या सासरचे चंपतराव. तू स्वतः भांडं घेऊन आलास. "दादा, घे गा." मी घेतलं. तू दुसऱ्यांदा आलास, घेतलं. तिसऱ्यांदा आलास तेव्हा पट्टा आवळल्यासारखं पोट झालं होतं, तरी हात आडवा केला नाही.

काहून केला नाही, तेही लिहितो. बाबा गेल्यावर तू माझ्यापुढे बसून म्हटलं होतंस, मलेही मागावर बसू दे. मी म्हटलं, एका मागावर दोघांचं पोट भरत नाही. तू मौद्याला गेलास, रोजंदारीवर माती उचललीस. तुझ्या घरी बसून, तुझ्या हातचं, मला पोट भरलं म्हणवलं नाही.

मग मांडी घालून रस्सा ओढायला वाकलो आणि काळीज सुटलं. मोजता येईना. कानात घण. मला वाटलं, झालं, आता इथंच पडतो. मांडवात. पोरीच्या अंगाची हळद अजून उतरली नव्हती. तिच्या लग्नाला माझं मढं नको म्हणून मी उठलो. चंपतराव म्हणाले, "काय हो शालिकरामजी, मौद्याचं पाणी लागलं काय?" मी चपलांकडे निघालो. मी उठलो तसा त्यांनीही हात आखडला, पुढच्या चौघांनी आखडला. तू भांडं धरून उभा होतास, ते मी पाहिलं.

बसमध्ये उभाच राहिलो. तुझ्या वहिनीला लग्नातच विसरलो होतो. मरायला निघालेला माणूस तिकीट काढतो, सुट्टे परत घेतो, हे मला तेव्हा कळलं. पारडी नाक्याच्या आधी एक मोठी ढेकर आली आणि काळीज हळूहळू जागेवर बसलं. मेलो असतो तर बरं दिसलं असतं.

इथवर लिहून पुन्हा उठलो होतो. पाणी प्यायलो. पुढचं लिहायचं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी संध्याकाळी तुझी वहिनी हेमराजसोबत परतली. उंबऱ्यातच म्हणाली, "काहून उठले हो पंगतीतून? नत्थूभाऊजीचं तोंड पाहवत नव्हतं." ढेकर सांगायची लाज वाटली. हावरट म्हातारा म्हणतील, असं वाटलं. मी म्हटलं, "नत्थूने माझ्याआधी व्याह्याले वाढलं. माझा मान ठेवला नाही."

ते खोटं आहे, नत्थू. तू सगळ्यात आधी माझ्या पानावर वाढलंस.

मला वाटलं, गोष्ट घरात राहील. ती मौद्याला पोचली, आणि कवडू म्हणतो, प्रणालीच्या सासरीही पोचली. तिला तिथं ऐकावं लागतं की आम्हाला आधी वाढलं म्हणून तुझे मोठे आजोबा रुसले. तिचा काय दोष.

पितृपक्ष लागायला सहा दिवस आहेत, बाबाची नवमी त्यानंतर. पान तू मौद्यालाच वाढ. मोठ्याच्याच घरी झालं पाहिजे, हे मीच धरून बसलो होतो. सोडलं. तू म्हणशील तर आदल्या दिवशी येतो. आधी मला चंपतरावांकडे ने. जे तुला लिहिलं ते त्यांच्या घरात, प्रणालीसमोर बोलतो. जेवायला मला खुर्ची लागेल. आणि तू वाढायला आलास की दुसऱ्या वेळेस मी हात आडवा धरीन. तेवढा धरू दे.

नाही म्हणालास तरी राग नाही. गोळ्या चालू आहेत, त्याची काळजी करू नकोस.

दादा म्हणायचं की नाही हे आता तुझ्याकडे आहे, म्हणून खाली नुसतं नाव लिहितो.

शालिकराम