अजून थोडासा आवाज येतोय

प्रिय ठमे,

परवा फोनवर तू बोललेलं ते एक वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाहीये. म्हणालीस, तुला गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही, आमच्या ह्यांचं डोळ्यांमुळे गाडी चालवणं बंद, तेव्हा आता आपली भेट काय ती फोनवरच. आणि वर हसलीस. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही बाई. फोनवर तू मला धड बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. मुकाट्याने वरून खाली वाच. आधी शेवट बघायची तुझी खोड मला शाळेपासून ठाऊक आहे.

आमची जुनी गाडी आठवते ना? तीच, जिच्यात प्रत्येक वळणावर तू तोंडावर हात धरून बसायचीस. ह्यांनी इतकी वर्षं ती चालवली, पण दुसऱ्या कोणाला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. मग डॉक्टरांनी सांगितलं, समोरचं दिसतंय पण कडेचं दिसत नाही, आता गाडी चालवायची नाही. घरी येऊन ह्यांनी किल्ली खुंटीला अडकवली आणि फडकं घेऊन काचा पुसत बसले. मला भडभडून आलं. आमचे चिरंजीव म्हणाले, मी आहे ना, तुम्हाला नेत जाईन. एकदा नेलंही. पण पुढच्या चाकाकडून असा काही कटकट आवाज येत होता की साहेबांनी घरी येऊन फर्मान काढलं, महिनाअखेर आवाज गेला नाही तर गाडी भंगारवाल्याकडे. तुझ्या त्या डोंगरावरच्या घरी ना सरळ बस येते ना आगगाडी. गाडी गेली की तुझं घर मला कायमचं लांब झालं, हे मला तिथल्या तिथे कळलं.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने पुढचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर बदलून दिले. आवाज जिथल्या तिथे. तर म्हणतो, काका, जुनी गाडी आहे, कुरकुरणारच. ह्यांना असा राग आला म्हणून सांगू! म्हणे, मीही जुना आहे, मी कुरकुरतो का? मी भाजी निवडत होते. मान वर केली नाही. पण अगं, हा माणूस जन्मभर पाणीपुरवठ्याच्या पंपांवर काम केलेला. नुसता हात ठेवून पंपाचं दुखणं सांगायचा. ते म्हणाले, आवाज कधी येतो ते आधी बघायला हवं. खड्ड्यात येतो, ब्रेक मारल्यावर येतो, की वळताना? आणि त्यासाठी माणसं दोन लागतात. एक आत बसून स्टिअरिंग फिरवणारं, दुसरं बाहेर चाकापाशी कान लावून बसणारं. चिरंजिवांना सवड नव्हती. घरात उरलं कोण?

मी! जिला तू पाचवीपासून भित्री भागूबाई म्हणतेस, जी सायकलवर बसायच्या नुसत्या विचाराने रडली होती, ती मी, त्या सीटवर. ह्यांनी एंजिन चालू करून दिलं, हँडब्रेक ओढला आणि बजावलं, गाडी जागची हलणार नाही, तू फक्त चक्र फिरव. मग पुढच्या चाकाच्या वरच्या पोकळीत हात घालून तिथल्या जाड स्प्रिंगवर ठेवला आणि ओरडले, हं, डावीकडे! मी घाबरून हॉर्नच दाबला. शेजारीण गॅलरीत आली. दुसऱ्यांदा मात्र नीट फिरवलं आणि झालं, कट्ट! हे बाहेरून लहान मुलासारखे ओरडले, सापडलं, सापडलं! मला बाहेर बोलावून माझाही हात तिथे ठेवायला लावला, आणि आत शेजारणीला बसवलं. खरंच गं, चाक वळलं तरी स्प्रिंग आधी वळतच नाही, अडून बसते, पिळत जाते आणि मग एकदम उसळी मारते. ते तळहाताला चक्क लागतं. स्प्रिंगच्या वर एक बेअरिंग असतं, चाकाबरोबर तिला फिरता यावं म्हणून. ते गंजून घट्ट झालं होतं. मेकॅनिकने शॉकअब्सॉर्बर नवे घातले, पण वर जुनीच बेअरिंगं परत बसवली होती.

दुसऱ्या दिवशी हे त्याच्या डोक्यावर उभे राहिले. त्याने स्प्रिंग दाबून धरायचं अवजार लावलं, दोन्ही बाजूंची बेअरिंगं बदलली, आणि मग स्वतःच चक्र फिरवून बघितलं. काही नाही. अगदी गप्प. त्याने ह्यांना चहा पाजला आणि दोघे पंपांवर बोलत बसले. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

पण संध्याकाळी हे म्हणाले, अजून थोडासा आवाज येतोय. चालत्या गाडीत बघायला हवं. अंगणात अगदी हळू चालव, मी बाजूने चालत ऐकतो. म्हणून मी क्लच, ब्रेक शिकले. कुंड्या फुटल्या, त्यात तो तू दिलेला गुलाबही गेला, आता बोलू नकोस. अंगणात आवाज आला नाही, तर हे म्हणाले, गल्लीत येत असेल, पण त्यासाठी तुझं शिकाऊ लायसन हवं. तेही काढलं. गल्लीत आला नाही, तर म्हणे मोठ्या रस्त्यावर, वेगात. मग म्हणे चढावर. हे शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसायचे आणि ऐकता ऐकता सांगायचे, आरसा बघ, आता गिअर बदल. रोज सकाळी आम्ही तो आवाज शोधायला बाहेर पडायचो. ठमे, माझे कान अजून चांगले आहेत. आवाज नव्हता. पहिल्या संध्याकाळपासून नव्हता. पण मी कसली बोलते! उलट एकदा ह्यांनी विचारायच्या आत मीच म्हणाले, अहो, आज पण थोडासा येतोय वाटतं. हे खिडकीबाहेर बघत गालातल्या गालात हसले. बायकोला गाडी शिकवतो म्हटलं असतं तर ह्यांना जमलं नसतं, आणि शीक म्हटलं असतं तर मी स्वयंपाकघरात जाऊन लपले असते. इतका सुखाचा महिना आमच्या संसारात कितीतरी वर्षांत आला नव्हता.

एक आवाज मात्र खरंच निघाला. वळणावर खुळखुळ. हे लगेच चाकाखाली वाकायच्या तयारीत. शेवटी सापडला तो दाराच्या कप्प्यात, तुझ्या मळमळीवरच्या गोळ्यांचा डबा! कधीपासून तिथे होता देव जाणे. गोळ्या सगळ्या चिकटून त्यांचा एकच खडा झालेला, तोच आत खुळखुळत होता. मी डबा धुतला, नव्या गोळ्या भरल्या आणि परत तिथेच ठेवला.

तर आता नीट वाच. मंगळवारी माझी परीक्षा झाली, आणि मी पास झाले. चिरंजिवांनी आईचं लायसन उलटसुलट करून बघितलं आणि भंगारवाल्याला स्वतः फोन करून नको म्हणून सांगितलं. शनिवारी सकाळी तुझ्या फाटकाशी हॉर्न वाजेल, त्या पहिल्या दिवसासारखाच जोरात. हे बाजूच्या सीटवर असतील, पण तुझा जिना चढायचा म्हटलं तर ते तयारच आहेत. तुझा एक हात ते धरतील, एक मी. सावकाश उतर, घाई नाही. मग बाजूच्या सीटवर तू बसायचं, हे मागे बसतील. भेट फोनवरच म्हणतेस काय? तुझ्या सगळ्या वळणांवरून तुला फिरवून आणते, चल.

तुझीच,
(आता गाडी चालवणारी) भागूबाई