हसबंड म्हणताना पुटपुटू नये

पुणे, रविवार दुपार
(ह्यांची वामकुक्षी चालू आहे.)

तीर्थस्वरूप कुसुमवन्सं यांना सुनीतीचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आता कसे आहेत? माडीवर जाऊ नका म्हटलं तर तुम्ही ऐकणार नाही, निदान कठडा धरून चढा. आम्ही इकडे खुशाल. तुमचे धाकटे बंधूही खुशाल, म्हणजे सकाळपासून दूधवाल्याला, पेपरवाल्याला आणि मला टोमणे मारून झाले.

पत्रास कारण की मी इंग्रजी शिकते आहे. हसू नका. मेलबर्नला आपल्या नातीच्या शाळेत आजी-आजोबांचा दिवस आहे. ज्यांचे आजी-आजोबा दूर, त्यांनी पडद्यावर येऊन घरच्या माणसांची ओळख करून द्यायची, इंग्रजीत. मागे फोनवर मी 'डॉटर' म्हणाले ते तिला कळलंच नाही. पोर आईला म्हणते, आजी नको, मी शाळेत सांगेन तिला बरं नाही. वन्सं, धडधाकट असताना नातीनं आजारी ठरवावं, हे मला फार लागलं. दुसऱ्याच दिवशी मंडईजवळ हेमाच्या इंग्रजीच्या वर्गात नाव घातलं.

हेमा आपल्या मुलीच्या वयाची, पण करारी. 'मदर' म्हणताना जीभ दातांत धरायची (कवळी असेल तर जपून). आम्ही सगळ्या साठीच्या पुढच्या, पण 'ब्रदर', 'डॉटर' इतकं खणखणीत म्हणू लागलो की खालचा भाजीवाला मान वर करून बघायचा. गाडी अडली ती 'हसबंड'वर. तो शब्द आला की अख्खा वर्ग पुटपुटायचा. हेमाला वाटलं, उच्चार कच्चा. तिनं फळ्यावर हे मोठं तोंड काढलं, ओठ कुठे, जीभ कुठे, सगळं दाखवलं. आमचे डोळे जमिनीकडे आणि पदर तोंडाशी. शेवटी कात्रजच्या प्रेमलाबाई म्हणाल्या, "मॅडम, जीभ चांगली हाय. पर मालकाचा विषय असा मोठ्यानं कुनी काढतं का?" आणि हेमाला तर पुढे नावही हवं होतं! 'माय हसबंड इज'पर्यंत सगळ्या यायच्या आणि तिथेच उभ्या राहायच्या.

मग मलाच सुचलं. नाव मोठ्यानं घ्यायची आपल्याला एकच वाट. मी उठले आणि इंग्रजीत उखाणा घेतला: "मदर लव्ह्ज ब्रदर, सिस्टर लव्ह्ज डॉल, (इथे ह्यांचं नाव, तुम्ही मोठ्या, तुम्हीच म्हणा) माय हसबंड, मोस्ट स्टबर्न ऑफ ऑल!" ('स्टबर्न' हेमानं पुरवला, माझ्याकडून वर्णन ऐकून.) काय टाळ्या पडल्या! मग एकेक जण उठली. कोणी पुटपुटलं नाही. हे बाहेर गेलेले बघून मी तो नातीला फोनवर म्हणून दाखवला. ती खिदळली आणि म्हणाली, शाळेतही हाच म्हण. तेव्हा माझं आजारपण तूर्त रद्द झालं आहे. इतका आनंद मला कित्येक दिवसांत झाला नव्हता.

बाकी क्षेम. तब्येतीला जपा.

तुमची,
सुनीती

ता. क. पडद्यावर आजोबाही लागतात. हे म्हणतात, "आम्हाला येतं इंग्रजी, आम्ही का बसायचं बायकांत?" पण दाढी करताना आरशासमोर 'ग्रँडफादर' घोटत असतात, आणि मी तिथे गेले की खाकरतात. तुमचा शब्द ते मोडत नाहीत. वर्गाला जा, म्हणून खडसावून चार ओळी लिहा. पत्र मुळात ह्यासाठीच. मी सांगितलं हे कळू देऊ नका.

आणखी ता. क. (अक्षर वेगळे दिसेल.) ताई, पत्र टपालात टाकण्यास माझ्याकडे दिले. पाकिटाला डिंक लावायचा राहिला होता, म्हणून लावण्यापूर्वी वाचले. खडसावण्याची तसदी घेऊ नये. आत्ताच हेमाकडे नाव घालून आलो. इंग्रजी मला येते. परंतु उखाण्यात हिने नावाची जागा मोकळी सोडली आहे, आणि लग्नाच्या पंगतीनंतर ती भरलेली मी ऐकलेली नाही. वर्गात पहिल्या रांगेत बसणार आहे. हिला कळवू नये.

तुझा,
श्रीनिवास