एकच खड्डा

प्रिय वन्सं,

अक्षर ओळखलंत ना? तुमच्या माहेरची सगळी पत्रं नवी सून म्हणून मीच लिहायची, आणि पाकीट चिकटवण्याआधी तुम्ही ती वाचून माझ्या चुका काढायचात. आज पाकीट मीच चिकटवणार आहे. तेव्हा चुका पोटात घाला.

आधी ख्यालीखुशाली. तब्येत उत्तम. म्हणजे तुमच्या भाषेत सांगायचं तर होते तशीच आहे, किंचित जास्तच. कारखानाही बरा चाललाय. कारखाना म्हणजे फार काही मोठं समजू नका. रस्त्यावरून दोन पायऱ्या खाली उतरलं की एक लांबोडकी खोली. एका भिंतीला छतापर्यंत फोमच्या लाद्या, दुसरीला शिलाई मशीनं, मधे कापायचं टेबल. कामाला चार बायका. फोमचा चुरा दिवसभर केसांत बसतो आणि चहावर तरंगतो. आम्ही फक्त जोडप्यांच्या गाद्या बनवतो, त्याही एक जड आणि एक हलका असेल अशांच्या. तुम्ही नाक मुरडून विचाराल, "असं गिऱ्हाईक मिळतं तरी का?" मिळतं, वन्सं. दोघं सारख्या वजनाची आहेत असं जोडपं माझ्या दारात अजून आलेलं नाही.

कामात अडचण एकच असते, लोक वजन खरं सांगत नाहीत. विचारलं की नवरा बायकोकडे बघतो, बायको पंख्याकडे बघते, आणि जो आकडा बाहेर पडतो तो लग्नातला असतो. त्या आकड्यावर गादी बेतली की महिन्याभरात तक्रार घेऊन हजर. म्हणून मी नियमच केला, नवी गादी हवी तर जुनी आणून टाका. आम्ही तिच्यावर आडवी सरळ पट्टी ठेवतो आणि खाली किती खड्डा पडलाय ते मोजतो. कोण कुठे झोपतं, कोण कुशीवर वळतं, कोण कडेला अंग चोरून पडतं, सगळं तिथे उमटलेलं असतं. आमची मशीनवाली म्हणते, "बाई, गादी म्हणजे घरातली जुनी मोलकरीण. बघते सगळं, बोलत नाही, पण कोणी विचारलंच तर काही शिल्लक ठेवत नाही."

मी या धंद्यात कशी आले ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हीच आणलंत. लग्नाला दोन महिने होत नाहीत तोच तुम्ही मला 'गोणी' म्हणायला लागलात. सुरुवातीला घरात, मग पाहुण्यांसमोर. तुमचं वाक्य अजून कानात आहे. "ब्याऐंशी किलो बरं का! आमच्या बारक्याला खाटेला बांधून ठेवावं लागतं, नाहीतर घरंगळत जातो हिच्या खड्ड्यात." पाहुणे हसायचे. सासूबाई तोंडाला पदर लावायच्या. तुमचा भाऊही हसायचा, पण मान खाली घालून. आणि मी आत जाऊन चहाचं आधण ठेवायची, कारण हातात काहीतरी असलं की डोळ्यांत पाणी येत नाही.

बरं, घरंगळायचा हे खरं होतं. तो काडीसारखा, मी अशी. गादी माझ्या बाजूला दबली की तो उतारावरून यायचा. त्याची पाठ धरली तेव्हा डॉक्टर म्हणाले, ओझी उचलू नका, व्यायाम करा. तुम्ही मात्र त्याहून पक्कं निदान केलंत. "तिच्याशेजारी झोपून कणा वाकलाय पोराचा. बाहेरच्या खोलीत झोपव त्याला." सासूबाईंनी झोपवलं. तोही गेला. बहिणीपुढे बोलायची त्याची छाती नव्हती, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. आणि पंधरवड्यात तुम्ही टेम्पो घेऊन आलात. "एवढी मोठी गादी एकटीला कशाला? आमच्याकडे दोघांना होईल." आम्ही दोघांनी मिळून घेतलेली ती पहिली वस्तू होती, वन्सं. काथ्याची, वर जाड पट्ट्यापट्ट्यांचं कापड. जिन्यावरून नेताना कठड्याच्या खिळ्याला कोपरा फाटला आणि तुम्ही मलाच हाक मारलीत, "देतेस का गं टाका घालून?" दिला. पांढरा दोरा संपला होता म्हणून निळा घातला. जिन्यात बसून, गादी मांडीवर घेऊन.

पुढची अकरा वर्षं तुमचा भाऊ बाहेरच्या खोलीत झोपला. पाठ काही सुधारली नाही, पण त्याला बाहेर झोपायची सवय होऊन बसली. मी एका फोमवाल्याच्या दुकानात कामाला लागले. तिथे उरलेले तुकडे घरी आणायची आणि जोडून बघायची. जडाखाली घट्ट, हलक्याखाली मऊ, एवढं कोणालाही सुचतं. पण दोन भाग नुसते शेजारी ठेवले की मधे फट पडते, आणि फट चिकटवली की बांध उभा राहतो. दोघं दोन शेतांत झोपल्यासारखी. शेवटी सांधा सरळ न कापता तिरका कापला, एका भागाची जीभ दुसऱ्याखाली जाईल असा, आणि जमलं. तुमच्या भावाला म्हटलं, नुसतं पडून तर बघ. आम्ही दोघं पडलो आणि मी मधोमध काचेची गोटी ठेवली. गोटी हलली नाही. तो तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "आता मला यायला निमित्त नाही उरलं गं. नुसतं यावं लागेल." मग रात्री उशी घेऊन आला. तुम्हाला हे कोणी सांगितलं नसेल. पुढे तीन वर्षं आम्ही एका गादीवर झोपलो. मग तो गेला. हृदय आधीपासून नाजूक होतं, डॉक्टरांनी हे तुमच्यासमोर सांगितलं होतं. तरी त्या दिवशी भरल्या घरात दारात उभ्या राहून तुम्ही म्हणालात, "शेवटी दाबून मारलंच हिने."

त्यानंतर आपली गाठ नाही. तुमच्या मुलाच्या लग्नाचं मला बोलावणं नव्हतं, त्यामुळे सून कशी दिसते हेही मला ठाऊक नव्हतं. म्हणून गेल्या आठवड्यात ती कारखान्यात आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. गोड पोर आहे हो. सांगत होती, सासूबाईंसाठी गादी हवीय, त्यांनी नाव सांगायला मनाई केलीय, दुकानावर कोणाची पाटी आहे ते त्यांना माहीत नाही, मला मैत्रिणीने पत्ता दिला. मी वजन विचारलं. "सासऱ्यांचं पंचावन्न. सासूबाईंचं... अठ्ठावन्न," असं म्हणून तिने पंख्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "गेली काही वर्षं त्यांच्या गोळ्या चालू आहेत, अंग सुटलंय. त्या आरशावर टॉवेल टाकून ठेवतात." मी म्हटलं, काही हरकत नाही, जुनी गादी पाठवून दे.

परवा ती गादी आली. वर नवी खोळ होती. खोळ काढली तर खाली पट्ट्यापट्ट्यांचं कापड, आणि कोपऱ्यात निळा टाका.

मी चौघींनाही चहाला बाहेर पाठवलं आणि पट्टी स्वतः ठेवली. वन्सं, माझ्या टेबलावर शेकडो गाद्या येऊन गेल्या. एक खोल खड्डा आणि एक उथळ, हे नेहमीचं. तुमच्या गादीत खड्डा एकच आहे. भिंतीकडच्या बाजूला, जिथे पूर्वी मी झोपायची. अख्खी मूठ बुडावी इतका खोल. दुसरी बाजू सपाट आहे. जिन्यावरून उतरली तेव्हा होती तशी, कोरी. भावोजी त्या गादीवर कितीतरी वर्षं झोपलेले नाहीत. आयुष्यभर तुम्ही सगळ्यांना सांगत आलात, "आमचे हे माझ्याशिवाय डोळा मिटत नाहीत." कुठे मिटतात वन्सं ते डोळा? बाहेरच्या खोलीत?

नवी गादी कधी न्यायची ते ठरवायला सून पुन्हा आली तेव्हा मी सहज विचारलं. लपवायचं तिच्या स्वभावात नाही. म्हणाली, "सासरे म्हणतात, तिच्याशेजारी माझी पाठ जाते. पण नीट गादी आली तर एकदा येऊन बघतो म्हणालेत. सासूबाई तेव्हापासून रोज विचारतात, झाली का, झाली का." आणि तुम्ही दिवा चालू ठेवून झोपता, हेही तिनेच सांगितलं. तिला रागावू नका.

आता मुद्द्याचं. माझ्याकडे दोन गाद्या कापायला तयार आहेत. एक तुम्ही कळवलेल्या अठ्ठावन्नची. ती घरी येईल, सुंदर दिसेल, भावोजी कौतुकाने पहिल्या रात्री येतील, उतारावरून तुमच्या अंगावर येतील आणि उशी उचलून परत जातील. मग कोणत्याही गादीसाठी ते पुन्हा येणार नाहीत. एकदा उठून गेलं की बाहेरची सवय कशी होऊन बसते, हे मी तुमच्या भावाकडे बघून शिकले आहे. दुसरी गादी खऱ्या वजनाची, तिरक्या सांध्याची. तिच्यावर गोटी ठेवली तर हलणार नाही. खरं वजन मला पट्टीवरून कळलेलंच आहे, पण त्यावरून मी गादी कापणार नाही. शनिवारी दुपारी डबे खाताना आमच्या सगळ्याजणी टेबलाभोवती बसतात. तेव्हा कारखान्यात फोन करा. मी स्पीकर चालू ठेवीन. तुमचं नाव सांगा, माझी कोण लागता ते सांगा आणि मग तुमचं वजन सांगा. मोठ्याने, पाहुण्यांसमोर माझं सांगायचात तसं. त्या हसल्या तर मी त्यांना गप्प करणार नाही. फोन आला तर खरी गादी निघेल, नाही आला तर सोमवारी अठ्ठावन्नची. जुनी गादी मात्र परत मागू नका. ती माझी आहे.

तुमचीच,
गोणी