धुरांड्याच्या रेषेत

प्रिय लीडिया,

जावईबापूंची यादी पोचली. चार पानं! आपलं रोड आयलंड एवढंसं, एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल, आणि गॅरेटला सहा दिवसांत न्यूपोर्टचे महाल, किल्ला, तीन किनारे, सायकल आणि वल्ह्यांची नाव असं सगळं उरकायचंय. तुझी आई म्हणाली, "नेब्रास्काचा माणूस तो, समुद्र एकदाचा पोटभर बघू दे त्याला." भरलेल्या शिंपल्या ती आत्तापासूनच फ्रीझरमध्ये रचतेय. किल्ल्यापर्यंत अर्ध्या तासाचा रस्ता, तर डबा बांधायचा की नाही यावरून काल आमचं वाजलं. एवढ्या लांब उपाशी कोण जातं, असं माझं म्हणणं.

यादीच्या शेवटी कॅमिलाने वेड्यावाकड्या अक्षरात एक ओळ घातलीय: आजोबांबरोबर होडीतून शिंपल्या काढायला, फक्त आम्ही दोघंच. नाताळात फोनवर मीच तिला तसा शब्द दिला होता. तुलाही दहाव्या वर्षी असंच एकटीला नेलं होतं. शिंपल्या ओढायचं लांब दाताळं तुझ्याच्याने उचलवेना, तरी सोडायला तयार नव्हतीस. त्या शब्दाबद्दलच लिहायला बसलोय, पण जरा वळसा घालून येतो. हल्ली माझं डोकं सरळ वाटेने जातच नाही.

मागच्या खेपेला गॅरेट वैतागला होता, आठवतं? त्याने किनाऱ्याची वाट विचारली आणि मी सांगितलं, अमरालची बेकरी होती तिथे डावीकडे, मग जळालेल्या सिनेमाघरापाशी उजवीकडे. तो म्हणाला, "बाबा, ज्या गोष्टी नाहीतच त्यांच्यापाशी वळू कसा?" आपण सगळे पोट धरून हसलो. इथे पत्ता असाच सांगतात, त्याला कोण काय करणार! परवा ओहायोच्या एका जोडप्यालाही मी तसंच पाठवलं. बिचारे तीनदा माझ्या दारावरून गेले, शेवटी बाईंनी हात हलवायचंही सोडून दिलं.

आता खरी गोष्ट. मे महिन्यात आईने गोड पाव आणायला सांगितले. मी निघालो, अमरालच्या दारातून आत गेलो, रांगेत उभा राहिलो आणि काउंटरवरच्या पोरीला म्हणालो, "दोन गोड पाव दे, जरा लालसर भाजलेले." ती बँक होती, लीडिया. पंधरा वर्षं झाली तिथे बँक आहे, माझं स्वतःचं खातं आहे तिथे. पोरगी खळखळून हसली. "आजोबा, माझी आईसुद्धा अजून या जागेला अमरालच म्हणते." मागचा म्हातारा म्हणाला, "गिल्बर्तो, माझ्यासाठीही दोन घे रे!" सगळी बँक हसली. मीही हसलो. घरी येऊन आईला पाव संपले होते म्हणून सांगितलं. दुसऱ्या कुठल्या गावात माझा हात धरून कुणीतरी मला खुर्चीवर बसवलं असतं. इथे मात्र मी विनोदी ठरलो.

तेव्हापासून मला काही कळेनासं झालंय. म्हातारपणी सगळेच विसरतात, असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, गिल्बर्तो, तू विसरला नव्हतास, तुला पावाचा वास आला होता.

आणि गेल्या मंगळवारी मी होडी काढली. खडकांमधून आत जायची आपली रेष तुला मीच शिकवली होती: चर्चच्या मनोऱ्यामागे गिरणीचं धुरांडं बरोब्बर आलं की बेधडक आत, जरा सरकलं तर होडीचं बूड फाटलंच म्हणून समज. मी मनोरा बघितला, मागे धुरांडं आणलं आणि आत गेलो. दोन तासांत टोपली भरली. धक्क्यावर नॉर्बर्टने विचारलं, "कुठून आणलास रे एवढा माल?" मी म्हणालो, "धुरांड्याच्या रेषेतून." त्याने मान डोलावली, कारण सगळे अजून तसंच म्हणतात. घरी आलो, मागच्या दाराशी विटेला ठेचकाळलो, आणि अंगठा धरून तिथेच खाली बसलो. ही वीट कुठली ते तुला माहीत आहे. धुरांडं पाडलं त्या दिवशी तूच उचलून आणली होतीस, अकरा वर्षं ती दाराला टेकू म्हणून आहे. पण मंगळवारी मला धुरांडं दिसलं होतं गं. वरच्या कडेचा काळा पट्टासुद्धा दिसला. आणि मी खडकांना न लागता आत गेलो, माल घेऊन परत आलो. मग माझे डोळे खोटे की हात खरे? रोज विचार करतो आणि रोज वेगळंच उत्तर येतं.

कॅमिलाला नाही म्हणायला माझी जीभ रेटत नाही आणि हो म्हणायची भीती वाटते. म्हणून हे पत्र. फोनवर बोललो असतो तर आई शेजारीच असते, आणि तिला मी अजून काहीच सांगितलेलं नाही. तू आमच्याबरोबर होडीत ये. पोरीची समजूत काहीतरी सांगून घाल. तू पुढे बस, ती मध्ये बसेल. खडकांपाशी आलो की मी तुला विचारीन, "लीडिया, धुरांडं दिसतंय का?" त्या वेळी माझं मन राखू नकोस आणि बँकेतल्या पोरीसारखी हसूही नकोस. नाही दिसत म्हणालीस, की मी इंजिनाचा दांडा तुझ्या हातात देईन आणि मुकाट्याने कॅमिलाशेजारी जाऊन बसेन. पण म्हणायचं तूच. या गावात मला तसं सांगणारं दुसरं कुणी नाही.

तुझाच,
बाबा